आधी कान, मग अक्षर

आपल्या व्यापारी घरांत मुलाला हिशोब शिकविण्यासाठी सहसा कोणी शिकवणी लावत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसते, मोठ्यांचे व्यवहार ऐकते, सुटे पैसे मोजते आणि वर्ष-दोन वर्षांत शंभराच्या नोटेतून सदतीस वजा करून उरलेले त्रेसष्ट रुपये गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवू लागते. वजाबाकीची व्याख्या त्याला कोणी सांगितलेली नसते. वाचनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो. ते काम शाळेचे. शाळेला जमले नाही तर शिकवणीचे. आणि शिकवणीलाही जमले नाही तर मुलाच्या नशिबाचे, असे आपण धरून चालतो. वाचनही घरात, कानांच्या वाटेने, रोजच्या बोलण्यातून शिकविता येते, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. मी शिक्षक नाही. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. तेव्हा जे लिहितो आहे ते पाहिलेले आणि करून बघितलेले आहे, एवढाच त्याचा अधिकार.

माझ्या मोठ्या बंधूंचे रत्नागिरीत किराणा मालाचे दुकान आहे. त्यांचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत होता, तेव्हाची ही गोष्ट. घरी गुजराती, दुकानात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत त्याचे दिवस जात. तोंडी हिशोबात तो मोठ्यांना मागे टाकी. परंतु पुस्तक समोर आले की त्याचा चेहरा उतरत असे. शाळेकडून 'मुलगा वाचनात फार कच्चा आहे' अशी चिठ्ठी आली होती. त्याची आई काळजीत होती. बंधू मात्र म्हणाले, ''अरे, शेवटी दुकानातच बसायचा आहे ना तो? हिशोब येतो, बास झाले. वाचून काय दिवे लावायचे आहेत?''

मी त्याला जवळ घेऊन इंग्रजीचे पुस्तक वाचावयास सांगितले. पहिले पान त्याने अडखळत का होईना, पण 'वाचले'. मग मी पानावरचे चित्र हाताने झाकले आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. शब्द होता 'हॉर्स'. तो आधी 'हाऊस' म्हणाला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून 'होम' म्हणाला. पहिले अक्षर ओळखावयाचे आणि पुढचा शब्द चित्रावरून किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावरून काढावयाचा, ही त्याची रीत होती. मराठीतही तेच. 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत सारी मुळाक्षरे तो घडाघडा म्हणे. पण 'सुपारी' हा शब्द समोर ठेवला तर 'साखर' म्हणून मोकळा होई. पाठशाळेच्या पुस्तकातला नवकार मंत्र तो बोट फिरवीत सुरेख म्हणत असे. परंतु चौथ्या ओळीवर बोट ठेवून 'येथून वाच' म्हटले की गप्प. स्मरणशक्ती इतकी चांगली की तिसरीपर्यंत तिने वाचनाची उणीव झाकून ठेवली होती.

हे पाहताना मला बँकेतले दिवस आठवले. नोकरीत मी अनेक खातेदार असे पाहिले, की ज्यांची सही वळणदार होती. पण अर्जावरचे एक अक्षर त्यांना वाचता येत नसे. ती सही म्हणजे चित्र होते. कोणीतरी पाटीवर गिरवून घेतलेले, हाताच्या सवयीने उतरणारे. त्याच नावातले एक अक्षर दुसऱ्या शब्दात आले तर त्यांना ते ओळखता येत नसे. कागदोपत्री असे खातेदार अंगठा उठविणाऱ्यांत गणले जात नाहीत आणि म्हणूनच ते अधिक अडचणीत येतात. अंगठा उठविणाऱ्याला मजकूर वाचून, समजावून सांगितला जातो. सही करणाऱ्याने तो स्वतः वाचला असेल, असे सारेच गृहीत धरतात.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी असताना एक छोटे व्यापारी हातात नोटीस घेऊन आले. नातेवाइकाच्या कर्जाच्या कागदावर त्यांची सही होती. ''साहेब, मी तर साक्षीदार म्हणून सही केली,'' असे ते वारंवार सांगत होते. नातेवाइकाने त्यांना तसेच सांगितले होते. कागदावर सहीच्या खाली 'जामीनदार' असा शब्द मराठीत छापलेला होता. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. साक्षीदार आणि जामीनदार या दोन शब्दांचा शेवट सारखाच आहे; परंतु त्यांच्या आरंभात जे अंतर आहे, ते त्या गृहस्थांना दुकानाच्या भांडवलातून भरून द्यावे लागले. बंधूंना मी हीच हकिकत सांगितली. दुकानात बसणाऱ्याला वाचन कशाला, या प्रश्नाचे माझ्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. हल्ली आपल्याकडे 'फोनिक्स' हा शब्द फार ऐकू येतो. छोट्या शहरांतही त्याचे वर्ग निघाले आहेत आणि काही नवीन विद्या परदेशातून आली आहे, अशी पालकांची समजूत होते. फोनिक्स म्हणजे अक्षरांची नावे न शिकविता त्यांचे आवाज शिकविणे आणि ते आवाज जोडून शब्द वाचावयास लावणे. आपण 'कॅट' शब्दाचे स्पेलिंग सांगताना 'सी-ए-टी' म्हणतो. ही तीन नावे कितीही वेगाने एकापाठोपाठ म्हटली तरी त्यांतून मांजर बाहेर पडत नाही. 'क्-ॲ-ट्' असे आवाज मात्र जवळ आणले की 'कॅट' आपोआप कानांत उतरते. लिहिताना हीच क्रिया उलट करावयाची : शब्द ऐकावयाचा, त्याचे आवाज सुटे करावयाचे आणि प्रत्येक आवाजासाठी अक्षर मांडावयाचे. वाचन ही बेरीज, लेखन ही वजाबाकी. जो जोडू शकतो, तोच तोडूही शकतो.

इंग्रजीत अक्षरे २६ आणि आवाज सुमारे ४४. त्यामुळे तेथे हा विषय नेहमी वादाचा राहिला. मुलांना अख्खे शब्द नजरेने ओळखावयास शिकवावे, की आवाज जोडून वाचावयास शिकवावे, हा तो वाद. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश या लेखकाने अमेरिकन मुलांना वाचता का येत नाही, या प्रश्नावर पुस्तक लिहून ध्वनिपद्धतीची बाजू जोरात मांडली. २००० साली तेथील राष्ट्रीय वाचन समितीने आधीच्या संशोधनांचा आढावा घेऊन पद्धतशीर ध्वनिशिक्षणाच्या बाजूने निष्कर्ष दिला. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी मुलांची एक छोटी चाचणी घेतली जाते. तीत ४० शब्द असतात आणि त्यांतले २० शब्द मुद्दाम निरर्थक बनविलेले असतात. युक्ती मोठी मार्मिक आहे. निरर्थक शब्द पाठ असण्याची शक्यताच नसते. त्यामुळे मूल वाचते आहे की आठवते आहे, हे लगेच कळते.

पण आपल्याकडे पाहा. देवनागरीत 'क' या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज वेगळा नाही. आपली वर्णमाला आवाजाच्या उगमस्थानाप्रमाणे मांडलेली आहे : कंठातून निघणारे 'क-ख-ग', टाळूवरचे 'च-छ-ज', जीभ वळवून उच्चारावयाचे 'ट-ठ-ड', दातांपाशी 'त-थ-द' आणि ओठांवर 'प-फ-ब'. ज्याला जग आज ध्वनिपद्धती म्हणते, तिच्यावर आपली लिपी मुळातच उभी आहे. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिपिशुद्धीची जी चळवळ चालविली, तिच्यामागेही लिपी शिकावयास आणि छापावयास सोपी व्हावी, असाच विचार होता. 'इ, ई, उ, ऊ' या स्वरांची वेगळी चिन्हे न ठेवता 'अि, अी, अु, अू' असे 'अ'लाच काना-मात्रा देऊन लिहावे, अशी त्यांची सूचना होती. ती रूढ झाली नाही. परंतु गुजराती लिपी जाणणाऱ्यांना ती फार परकी वाटणार नाही, कारण गुजरातीत 'ए' आणि 'ऐ' हे स्वर 'अ'वर मात्रा देऊनच लिहितात.

मग इतकी ध्वनिनिष्ठ लिपी असूनही आपली मुले वाचनात का अडतात? कारण वर्णमाला म्हणता येणे निराळे आणि वाचता येणे निराळे. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' हे मुलाला गाण्यासारखे पाठ होते. परंतु दोन अक्षरे एकत्र आणून शब्द घडविण्याचा सराव त्याला कोणी देत नाही. ग्रामीण भारतातील मुलांची घरोघरी जाऊन वाचनचाचणी घेणाऱ्या 'असर' पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. टाळेबंदीनंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर आले. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती. यांपैकी बहुतेकांना मुळाक्षरे तोंडपाठ असणार, यात मला तरी शंका वाटत नाही.

काना-मात्रा गिळून अंदाजाने वाचण्याचे परिणाम व्यापारी माणसाला सांगावयास नकोत. जुन्या महाजनी लिपीत काना-मात्रा देण्याची पद्धत नव्हती. त्यावरून मारवाडी पेढ्यांतला एक किस्सा आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. 'काकाजी अजमेर गेले' असे कळविणारे पत्र घरी पोहोचले. घरच्यांनी ते 'काकाजी आज मर गये' असे वाचले आणि रडारड सुरू झाली. हसण्याचा भाग सोडला तरी तात्पर्य खरे आहे. शब्दांतला स्वर जिथे गळतो, तिथे वाचणारा स्वतःच्या मनातला अर्थ त्यात भरतो. आमचा नातू 'सुपारी'ची 'साखर' करीत होता, ती याच मार्गाने.

यावर उपाय म्हणून मी प्रथम पुस्तक बाजूला ठेवले. पहिले तीन आठवडे आम्ही अक्षर पाहिलेच नाही. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे दुकानात बसून फक्त कानांचे खेळ खेळलो. ''स् या आवाजाने सुरू होणारा माल सांग.'' तो सांगे : साखर, साबण, सुतळी, सुपारी, सुंठ. ''आता ळ् या आवाजाने संपणारा.'' गूळ, तीळ, तांदूळ, जायफळ. पुढे ''मीठ या शब्दातले आवाज सुटे कर,'' असे म्हटल्यावर 'म्-ई-ठ्' असे तो बोटांवर मोजू लागला. मुलाच्या कानाला शब्द फोडता आला पाहिजे. त्याशिवाय अक्षर म्हणजे केवळ रेघोट्या. हे काही मी शोधून काढलेले नाही. मादाम माँटेसोरींच्या पद्धतीत अक्षराचा आवाज ऐकवून मुलाला खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवावयास देतात, म्हणजे कान, डोळा आणि हात एकाच वेळी शिकतात. ही पद्धत आपल्या मातीत रुजविणाऱ्यांमध्ये भावनगरचे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ही नावे अग्रभागी आहेत. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढविले. महागडी परदेशी साधने नकोत. बिया, पाने, शिंपले, जे परिसरात आहे त्यातूनच मूल शिकेल, हा त्यांचा आग्रह होता. त्या मुलांना रान होते, तसे आमच्या मुलाला दुकान होते.

चौथ्या आठवड्यात अक्षरे आली. तीही 'क ते ज्ञ' अशी रांगेने नव्हेत. ज्यांतून लगेच शब्द घडतील, अशी पाच-सहा अक्षरे आधी घेतली आणि एकच काना. जुन्या शाळांतही 'ग म भ न' असा वेगळा क्रम असे आणि बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकांत सुरुवातीला काना-मात्रा नसलेले शब्द असत, त्यामागे हीच समज होती. एकेक चिन्ह पक्के झाल्यावर पुढचे. इंग्लंडमधील त्या चाचणीची युक्ती मी येथे वापरली. 'खुमट', 'दिळा', 'पोगू' असले कोठल्याही कोशात न सापडणारे शब्द मी पाटीवर लिहीत असे आणि तो खो-खो हसत वाचत असे. आठवणीचा आधार काढून घेतल्यावर त्याला अक्षराकडे पाहणे भागच पडले. थोड्याच दिवसांत तो स्वतः असे शब्द रचून ''काका, हे वाचा बघू,'' म्हणून मला परीक्षेला बसवू लागला.

त्यानंतर दुकानातल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावण्याचे काम त्याच्याकडे दिले. शुद्धलेखनाचे पाठ मला या चिठ्ठ्यांतच सापडले. अनुस्वाराचेच घ्या. एकच टिंब, पण 'हिंग' म्हणताना आवाज कंठाजवळ, 'चिंच' म्हणताना टाळूवर, 'सुंठ' म्हणताना जीभ वळते, 'तांदूळ' म्हणताना दातांना टेकते आणि 'आंबा' म्हणताना ओठ मिटतात. वर्णमालेचे पाचही वर्ग किराणा दुकानाच्या एका फळीवर मिळाले. पुढे येणारे अक्षर टिंबाला आपला आवाज देते, हे त्याला न सांगता समजले. मराठीत 'च' आणि 'ज' यांचे उच्चार दोन-दोन आहेत, हेही बरण्यांनीच शिकविले : 'चहा' मधला च वेगळा आणि 'चारोळी' मधला वेगळा, 'जिरे' मधला ज वेगळा आणि 'जवस' मधला वेगळा. घरी गुजराती बोलणाऱ्या मुलांना हा फरक मुद्दाम ऐकवावा लागतो. लिपी तो दाखवीत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सर्वांत अवघड, असा आपला समज असतो. गुजरातीत बोलताना इ-ई, उ-ऊ हा भेद जवळजवळ केला जात नाही आणि मोडीतही त्यांच्यासाठी वेगळी चिन्हे नव्हती, म्हणून आपल्या घरांत ही चूक अधिक होते. परंतु मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाठ करण्याआधी कान लावून पाहावे. गूळ, मूग, तूर, तूप, मीठ, पीठ, तीळ. हे सारे शब्द दीर्घ. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण उच्चारीत नाही, त्यामुळे आवाजाचा सारा भार आधीच्या स्वरावर येतो आणि तो लांबतो. त्यालाच प्रत्यय लावा : गुळाचा, मुगाची, तुरीची, तुपातला, मिठाची, पिठाची, तिळाचे. भार पुढे सरकला, स्वर आखूड झाला. जिरे, मिरे हे ऱ्हस्व, कारण शेवटचे अक्षर दीर्घ आहे. हिंग, डिंक, सुंठ हेही ऱ्हस्व, कारण पुढे अनुस्वाराचा आघात आहे. 'गुण', 'विष' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या रीतीत बसत नाहीत. ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात, जशी खतावणीत काही खाती वेगळ्या पानावर ठेवावी लागतात. तरी दहातल्या आठ वेळा नियमाचे मूळ उच्चारातच सापडते.

मराठीचा पाया घातल्यावर इंग्रजीकडे वळलो, आणि येथे मला सर्वांत मोठे समाधान मिळाले. जोडण्याची क्रिया एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने शिकवावी लागत नाही. केवळ चिन्हे नवी. इंग्लंडमधील सू लॉईड आणि सारा वर्नम यांची 'जॉली फोनिक्स' ही १९९२ पासूनची मालिका आज पुष्कळ शाळांत वापरतात. तिच्यात ४२ आवाज घेतले आहेत आणि सुरुवात 'स्, ॲ, ट्, इ, प्, न्' अशा सहा आवाजांनी होते, कारण त्यांतूनच 'पिन', 'टिन', 'सॅट', 'नॅप' असे कितीतरी छोटे शब्द होतात. 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर तर २००९ साली राज्य शासनाने मराठीच्या प्रमाण वर्णमालेतही घेतले आहेत. म्हणून 'कॅट' आणि 'डॉग' यांचे आवाज मराठी अक्षरांनीच दाखविता आले. नंतर दोन अक्षरे मिळून होणारा एक आवाज, जसा 'शिप'मधला श. नंतर शब्दाच्या शेवटी स्वतः गप्प बसून आधीच्या स्वराचा आवाज बदलणारा 'ई', ज्याच्यामुळे 'कॅप'चे 'केप' होते. 'वन', 'सेड' असे काही शब्द मात्र आवाजाला जुमानत नाहीत. ते थोडे आहेत. ते सरळ पाठ करावे.

ध्वनिपद्धती म्हणजे सर्व काही, असे मात्र कोणी समजू नये. शब्द वाचता आला आणि त्याचा अर्थच ठाऊक नसला, तर हाती काय पडणार? म्हणून घरात मोठ्यांनी मुलांना रोज काही वाचून दाखविणे, गोष्टी सांगणे, त्यांच्याशी भरपूर बोलणे याला पर्याय नाही. हे काम आजी-आजोबांचे आहे आणि ते दूरदर्शन संचाकडे किंवा मोबाइलकडे सोपविण्यासारखे नाही. दुसरी गोष्ट, काही मुलांना नियमित सराव करूनही वाचन येत नाही. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि तरीही अडचण राहिली तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्थान दिलेले आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. 'मठ्ठ' हा शब्द मात्र घरातून कायमचा हद्दपार करावा.

आमच्या नातवाला या साऱ्याला नऊ महिने लागले. तो वर्गात पहिला वगैरे आलेला नाही. अजूनही हळू वाचतो, लांब शब्द आला की थांबतो. पण आता तो अंदाज करीत नाही. थांबतो, आवाज जोडतो आणि पुढे जातो. परवा वीजबिल हाती घेऊन त्याने बंधूंना देय तारीख आणि त्यापुढचा विलंब आकाराचा मजकूर वाचून दाखविला. बंधू काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून दुकानात येणारे चलन ते आधी नातवाच्या हातात देतात.

पाठांतराला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपली आगमपरंपराच शतकानुशतके कानांवरून चालत आली आणि नंतर लिपीत उतरली. मराठीत आरंभाला 'ओनामा' म्हणतात, तो शब्दही धूळपाटीवर पहिले अक्षर काढण्यापूर्वी मुलांकडून म्हणून घेतल्या जाणाऱ्या 'ॐ नमः सिद्धम्' या वंदनातून आलेला आहे. आधी कान, मग अक्षर, हा क्रम आपल्याला नवा नाही. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी शिकविली आणि सुंदरीला अंक शिकविले, असे आपली परंपरा सांगते. पित्याने घरातच शिकविले, दोघींना शिकविले. आपण व्यापाऱ्यांनी मात्र सुंदरीला तेवढे दुकानात ठेवून घेतले आणि ब्राह्मीला परक्याच्या दारी धाडले.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपली अनेक दुकाने दिवाळीनंतर पुन्हा उघडतात, ती लाभपंचमी. तीच तिथी ज्ञानपंचमीचीही आहे. त्या दिवशी आपण ग्रंथांची पूजा करतो. या वर्षी पूजा झाल्यावर घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे, त्याने पूर्वी न पाहिलेली एखादी ओळ समोर ठेवावी आणि शांतपणे ऐकावे. ते अडले तर रागावू नये. दुसऱ्या दिवसापासून दुकानातली पंधरा मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवावीत आणि सुरुवात बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून करावी.